शिळेवरचं पाचवं नाव

१

शिळेवर पाच नावं होती. ओबोनच्या आदल्या सकाळी बादली-फडकं घेऊन मी ती पुसायला गेले, तर चारच उरलेली.

पाचव्याच्या जागी खड्डा. कोंबडी उकिरडा उकरते तसा कोणीतरी छिन्नीने दगड उकरला होता. खाली कपच्यांचा सडा पडलेला आणि वर घासलेटचा वास. पितर घरी यायचे दिवस तोंडावर, उद्या दुपारी अख्ख्या गावासमोर देवळातले गुरुजी ही पाच नावं मोठ्याने वाचणार, आणि नेमका आजच कोणाला हा उद्योग सुचावा!

कपच्या गोळा करताना एकीच्या कडेला लाल दिसलं. बाकी सगळ्या करड्या, ही एकटीच लाल. रक्त, माझ्या मनात आलं. उकरणाऱ्याने बोट ठेचून घेतलं असणार, बरी अद्दल घडली. ती कपची मी एप्रनच्या खिशात टाकली आणि माणसं बोलवायला धावले.

मी शिनो. इशिने बेटाच्या धक्क्यावर न्हाव्याचं दुकान आहे ते माझं. नवरा गेला तेव्हा वस्तरा माझ्या हातात आला, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पुरुषाने माझ्यापुढे मान वाकवली आहे. नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या शेजारी माझंही नाव कोरून ठेवलंय, आत लाल रंग भरून. आमच्याकडे सगळ्याच विधवांचं तसं असतं; बाई गेली की रंग काढायचा. दरवर्षी ओबोनआधी जाऊन तो रंग उजळायचा, म्हणजे आलेल्या पितरांनी चुकून आपल्यालाही सोबत न्यायला नको. परवाच उजळून आले. मी अजून लाल आहे.

आमचं बेट म्हणजे एके काळी नुसता दगड. जुन्या सरदारांच्या किल्ल्यांना आमचा दगड गेला, मग शहरातल्या बँकांना गेला, पुलांना गेला. तिकडे कुठल्याही जुन्या बँकेच्या पायऱ्या चढा, तुम्ही आमच्याच डोंगरावर चढताय. पुढे सिमेंट आलं, परदेशचा दगड आला, खाण बंद पडली. खड्ड्यात पावसाचं पाणी साठून हिरवंगार तळं झालं, पोरं शहरात गेली, आणि मागे उरलो आम्ही म्हातारे नि ही शिळा.

शिळा आहे ती खाणीतल्या मोठ्या अपघाताची. तीस वर्षं होत आली त्याला. सुरुंगाचा बार उडाला तेव्हा माणसं दरडीखालीच होती. पाच जण गेले. चौघांचे देह मिळाले. पाचवा गेन्जिरो, वात लावणारा. तो म्हणे समुद्रात फेकला गेला, त्याचं काहीच हाती लागलं नाही. बार उडवण्याआधी शंख फुंकायचा असतो, तो त्या दिवशी कोणी ऐकला नाही. गेन्जिरोने फुंकलाच नाही, त्यानेच चौघांना मारलं, असं गावाने ठरवून टाकलं. तरी त्याचं नाव कोरलं, कारण मेलेल्याशी वैर धरू नये. वैर धरलं ते त्याच्या बायकोशी. तोयोशी तेव्हापासून गाव बोलत नाही. मी बोलते. मी लग्न होऊन दुसऱ्या बेटावरून आलेली, गावाच्या लेखी अजून बाहेरची, त्यामुळे मला सगळं माफ.

शिळेभोवती गर्दी जमली. सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

२

तो माणूस हाचिरो, गावातला शेवटचा पाथरवट. शिळेवरच्या चौघांत त्याचा धाकटा भाऊ होता. दर ओबोनला दोन घोट पोटात गेले की हाचिरो म्हणायचा, खुन्याचं नाव माझ्या भावाच्या खाली नको, एक दिवस मीच ते काढीन. आणि त्या पहाटे छिन्नीचा आवाज तर सगळ्यांनी ऐकलेला. पाथरवटाच्या गावात ठोकाठोक ऐकून कोणी अंथरुणातून उठत नाही. हाचिरो कामाला लागला, असं म्हणून जो तो कुशीवर वळला होता.

गावचे पुढारी कुरिहारा. खाण चालू होती तेव्हा ते मुकादम होते, अजून सगळे त्यांना मुकादमच म्हणतात. खाणीच्या जुन्या कचेरीत आता गावाच्या इतिहासाचं संग्रहालय थाटलंय, त्याची किल्लीही त्यांच्याच कनवटीला. ते म्हणाले, पोलीस-बिलीस नको, आपला जुना रिवाज आहेच. कोरलेलं नाव जो मोडतो, त्याचा हातोडा गाव काढून घेतं आणि खाणीच्या तळ्यात टाकतं. पुन्हा त्या माणसाने दगडाला हात लावायचा नाही. उद्या नावं वाचायच्या आधी हे उरकून घेऊ. आणि पाचवं नाव आता गेलंच आहे तर जाऊ दे. पडलेला दगड उचलू नये.

ही आमच्याकडची म्हण. किल्ल्याला नेताना पडावातून, म्हणजे मालाच्या होडीतून, जो दगड पडला, तो पुन्हा कोणी उचलत नसे. त्याने किल्लाही पडतो म्हणत. तसले दगड अजून आमच्या किनाऱ्यावर लोळताहेत.

मी हाचिरोच्या पडवीत गेले. तो छिन्न्या शेकत बसला होता. दगडाची धूळ खाऊन खाऊन त्याची छाती शिट्टी वाजवते, दारातूनच ऐकू येते. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, मनात शंभर वेळा केलं, हाताने नाही केलं. नाव काढायचं असतं तर अख्खा थर उतरवून शिळा पुन्हा आरशासारखी करून दिली असती.

"मुद्दाम वाईट केलं असेल," मी म्हटलं. "तुमच्यावर संशय येऊ नये म्हणून."

"वहिनी, एवढं डोकं असतं तर मी मुकादम नसतो झालो?"

मला त्याचा विश्वास वाटला, आणि वाटला म्हणूनच मी सावध झाले. तीस वर्षं धुमसणारा माणूस खोटं बोलायलाही शिकतोच. जाता जाता मी खडा टाकून पाहिला, की कपच्यांवर लाल लागलंय.

"रक्त?" त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला. नख काळंनिळं, कडेला ताजी खपली. "बघा. माझा तर रोज ठेचतो. आता हाच पुरावा होईल." मग त्याने बापाचा हातोडा मांडीवर घेतला. दांडा त्याच्या मुठीच्या आकाराला झिजलेला. "हा तळ्यात गेला तर मी मागे राहून करू काय?"

नाव कोणी उकरलं ते मला उद्या दुपारपर्यंत शोधायचं होतं.

३

ओबोनच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात रांग असते. पितरांसमोर दाढी वाढवून कोण बसणार? खुर्चीत मान मागे टाकून, तोंडावर गरम टॉवेल घेऊन माणूस पडला की तो फार खोटं बोलू शकत नाही. निदान मला तरी कळतं; नरड्याची घाटी वस्तऱ्याखाली हलते.

आधी आला निशिवाकी, आमच्या चौकीतला एकुलता एक पोलीस. पोरगा मुख्य भूमीवरचा, बदली होऊन आलेला, सायकलवरून सगळ्यांना नमस्कार करत फिरतो. तो म्हणाला, गावाने गावातच मिटवलं तर मलाही सुटल्यासारखं होईल, पण एक गोष्ट खटकते मावशी. काल संध्याकाळी तोयो आजींना शिळेपाशी बादली घेऊन जाताना कोळणींनी पाहिलंय. नवऱ्याचं नाव पुसायला गेल्या असतील, म्हणजे तोवर ते शाबूत होतं. पण गेल्या त्या सगळ्यांची नजर चुकवून. का?

मलाही ते खटकलं. तोयो दिवसाउजेडी जाते आणि ताठ मानेने जाते, तिला लपायची सवय नाही. मी निशिवाकीलाही म्हटलं, कपच्यांवर लाल लागलंय. तो टॉवेलसकट उठून बसला.

"रक्त? अहो मावशी, हे आत्ता सांगताय?"

त्याला परत आडवं केलं. तो गेला तोच मुळी गावातले सगळे अंगठे तपासायला, आणि मला हाचिरोची ती खपली आठवली.

मग मुकादम आले. नेहमीसारखे नीटनेटके, उद्याच्या भाषणाचा विचार करत. मी फेस लावला. ते म्हणाले, हाचिरोचं वाईट वाटतं, पण करणार काय, रिवाज तो रिवाज. मी वस्तरा गळ्यावर ठेवला आणि तेच म्हटलं, तितक्याच सहज.

"मुकादम, कपच्यांवर लाल लागलंय."

घाटी वर गेली आणि तिथेच थांबली.

"हल्ली शहरातून पोरं येतात गळ टाकायला," ते म्हणाले. "कुठेही रंग फासतात. शिळेला तरी सोडतील का?"

मी दाढी पूर्ण केली, मानेमागची लव काढली, टॉवेल झटकला. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि खिशातली कपची उजेडात धरली. सकाळपासून ती माझ्यासोबत फिरत होती, आणि अजून तशीच लालभडक.

रक्त एवढ्या वेळात तपकिरी पडतं. न्हाव्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. हा रंगच होता. पण ही कपची माझ्याशिवाय कोणाच्या नजरेला पडली नव्हती. नुसतं लाल म्हटल्यावर दोघांनी रक्त म्हटलं, तिसऱ्याने रंग म्हटलं. त्याला कसं कळलं?

४

मनाला बजावलं, शिनो, उतावीळ होऊ नकोस. माणूस सहज बोलून जातो. एका शब्दावरून कोणाला फाशी देता येत नाही, आणि मुकादमांनी तर माझ्या नवऱ्याच्या तिरडीला खांदा दिला होता.

पण शंका एकदा घरात शिरली की पाट मांडूनच बसते. अख्खं नाव उकरलं, ओंजळभर कपच्या पडल्या, मग लाल एकच कशी? बाकीच्या लाल कपच्या कोणीतरी वेचून नेल्या होत्या. ही एक नजरेतून सुटली. आणि घासलेट कशाला? रंग पुसायला. म्हणजे नावात आधी रंग भरला गेला. मग दुसऱ्या कोणीतरी तो घासलेटने पुसायचा प्रयत्न केला. आमचा दगड रंग पितो, तो असा निघत नाही. तेव्हा कुठे त्याने छिन्नी घेतली. हे एकाचं काम नव्हतं, दोघांचं होतं. एकाला काहीतरी सांगायचं होतं, दुसऱ्याला ते झाकायचं होतं.

पण या बेटावर लाल रंगाची डबी असते कोणाकडे?

मला माझंच हसू आलं. माझ्याकडे असते की! प्रत्येक विधवेकडे असते.

आणि मग हसू गेलं. मी चपला घातल्या आणि स्मशानाच्या टेकडीवर निघाले. सगळी थडगी तिथे ओळीने आहेत, तोयोच्या घराण्याचं सोडून. अपघातानंतर गावाने ते ओळीतून उठवलं आणि मागे कामेलियाच्या झाडीत ठेवायला लावलं. तिकडे कोणी फिरकत नाही. मीही फिरकले नव्हते.

फांद्या बाजूला केल्या. दगडावर दोन नावं होती. डावीकडे तोयो, ताज्या लाल रंगात, जशी असायला हवी तशी. उजवीकडे गेन्जिरो.

तेही लाल होतं.

५

तोयो मागच्या अंगणात शेंगा सोलत होती. तिने मला पाहिलं, मग माझ्या चपलांना लागलेली टेकडीची तांबडी माती पाहिली, आणि बार्लीचा गार चहा आणायला उठली. तिने चहा ठेवला. मीच म्हटलं, "तोयोताई, मेलेल्या माणसाचं नाव कोणी लाल करत नाही."

तिने शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती मोतीबिंदू काढायला मुख्य भूमीवर गेली होती, हे मला माहीत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला इस्पितळाच्या पडवीतल्या बाकावर बसवलं होतं. शेजारी छातीच्या रोग्यांचा पुरुषांचा कक्ष. तिथून कोणीतरी खोकत खोकत गुणगुणत होतं. आमच्या खाणीतलं घणाचं गाणं आहे: 'दगड निघाला शहराला, मन राहिलं माघारी.' बेटावरचा प्रत्येक जण ते असंच म्हणतो. लग्नानंतर एकच माणूस मुद्दाम वेगळं म्हणायचा, 'मन तोयोच्या दारी', आणि सगळी खाण त्याला त्यावरून चिडवायची. त्या खोलीतला माणूस तेच म्हणत होता. तोयो पट्टी बांधलेली, भिंत चाचपडत आत गेली.

गेन्जिरो बारात फेकला गेला होता, पण मेला नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा मुकादम समोर. ते म्हणाले, चौघे गेले, तुझ्या वातीने गेले. गाव तुला फाडून खाईल. तू मेलेलाच बरा, तुझ्या बायकोचं मी बघतो. दगडाच्या पडावात घालून त्याला रवाना केलं. पुढे दुसऱ्याच नावाने दुसऱ्या खाणींत त्याने हाडं झिजवली. आता छाती संपत आली होती, तरी घरी यायला तयार नव्हता. म्हणाला, माझं नाव मेलेल्यांत आहे, तिथेच राहू दे.

"दरवर्षी मी त्याच्या नावाने पाण्यात दिवा सोडला, शिनो," तोयो म्हणाली. "जित्या नवऱ्याला पाणी सोडत आले. उद्या पुन्हा ते नाव वाचतील, आणि मी हात जोडून उभी राहू? माझ्याशी कोणी बोलत नाही, मी सांगू कोणाला? शिळा तरी सगळे वाचतात. म्हटलं, उद्या सगळं गाव समोर उभं राहील आणि लाल नाव बघेल. मग मला तोंड उघडावं लागणार नाही." तिने डोळे पुसले. "पण हाचिरोने बघितलं वाटतं."

"हाचिरोने नाही," मी म्हटलं. तोवर माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. हाचिरोने ते नाव लाल पाहिलं असतं तर त्याने छिन्नी घेतली असती का? तो बोंबलत गावभर फिरला असता, की गेन्जिरो जिवंत आहे, कुठे आहे सांगा. ज्याला गेन्जिरो हवा आहे तो ते नाव पुसणार नाही. तो मेलेलाच राहावा असं ज्याला वाटतं, तोच पुसेल.

उद्या तू उभी राहून सांग, मी म्हटलं, नाहीतर हाचिरोचा हातोडा जातो.

तोयोने माझ्याकडे पाहिलं. "आणि सांगितलं तर? हाचिरो त्याला जिता सोडील? मी माझा नवरा त्याच्या हातात देऊ? इतक्या वर्षांत ज्याने मला साधं 'कशी आहेस' विचारलं नाही, त्याच्या हातोड्यासाठी?"

ती बोलली त्यात काय चूक होतं? मी रिकामा पेला खाली ठेवला आणि उठले. ती येईल की नाही, मला कळेना.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव शिळेपुढे. उदबत्त्यांचा धूर, गुरुजींची आसनं, फिकट निळे कागदी दिवे मांडून ठेवलेले. तोयो कुठे दिसत नव्हती. मुकादमांनी भाषण केलं, इतिहासाचा अभिमान वगैरे, आणि मग हात पुढे केला. हाचिरो दोन पावलं आला. हातोडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याची छाती शिट्टी वाजवत होती.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. मुकादम म्हणाले, शिनो-सान, हे पुरुषांचं काम आहे. मी म्हटलं, पुरुषांच्या माना माझ्या हाताखालून जातात, थोडं ऐका. आणि तोयोचं सोडून सगळं सांगितलं. कपची दाखवली, घासलेट सांगितलं, एकच प्रश्न मी तिघांना कसा विचारला आणि कोण काय म्हणालं तेही सांगितलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मुकादम हसले.

"एका शब्दावरून? न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पा या."

तेवढ्यात निशिवाकी आला. ओबोनच्या झाडलोटीसाठी मुकादमांनी सकाळी संग्रहालय उघडून दिलं होतं, तेव्हा सफाईवालीसोबत मी त्याला तिथे पाठवलं होतं. त्याच्या हातात काचेच्या कपाटाचं कुलूप तोडून काढलेली छिन्नी होती. म्हणाला, कपाटातल्या सगळ्या गंजलेल्या आहेत, हिचं तेवढं टोक चकचकतंय आणि खाचेत लाल भुकटी आहे. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते.

मुकादमांचं हसू जिरलं, पण माणूस पक्का. बरं, मीच काढलं ते, म्हणाले. पहाटे शिळेपाशी तयारी बघायला गेलो तर कोणीतरी अमंगळ चेष्टा केलेली, ओबोनला गावाची शोभा नको म्हणून काढलं.

"मग हाचिरोचा हातोडा का मागत होतात?" मी विचारलं.

मुकादमांनी पुढे केलेला हात मागे घेतला. आणि मागून एक आवाज आला, कित्येक वर्षांत गावाने न ऐकलेला.

"चेष्टा नव्हती. मी रंगवलं. तो जिवंत आहे."

गर्दी दुभंगली. तोयो काळा किमोनो नेसून उभी होती. बार, पडाव, मुकादमांनी दिलेला शब्द, सगळं तिने एका दमात सांगितलं, शिळेकडे बघत. मुकादम खाली बघत होते.

हाचिरो तिच्यासमोर गेला. "कुठे आहे?"

तोयोने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून तिने गावाचं आणि इस्पितळाचं नाव सांगितलं. "मला सोबत न्या," म्हणाली. "जे करायचं ते माझ्यादेखत करा."

बोटीचा भोंगा झाला. हाचिरो हातोडा घेऊनच चढला. मागून तोयो, आणि त्यांच्या मागे टोपी सांभाळत निशिवाकी. त्या दिवशी गुरुजींनी चारच नावं वाचली, आणि आम्ही सगळे पाण्यात सोडलेल्या दिव्यांकडे न बघता समुद्रापलीकडे बघत राहिलो.

७

ते परत आले ओबोन संपता संपता. आधी निशिवाकी उतरला, दोन्ही हातांत गाठोडी घेऊन. मग तोयो. मग हाचिरो, आणि त्याच्या पाठीवर, पोरं खेळताना घेतात तसा, एक वाळलेला म्हातारा.

धक्क्यावर कोणीतरी पुटपुटलंच, पडलेला दगड उचलू नये. हाचिरो थांबला. स्वतःलाच श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाला, "पाठ माझी आहे. तुम्हाला काय जड होतंय?"

इस्पितळात काय झालं ते तोयोने मला नंतर सांगितलं. हाचिरोने खाटेशी उभं राहून एवढंच विचारलं, शंख का नाही फुंकलास? गेन्जिरो म्हणाला, शंख मुकादमांच्या कपाटात कुलपात होता. भरती टळेल, पडाव थांबणार नाही, लाव वात, असं ते म्हणाले. आणि मी ऐकलं. दरडीखाली माणसं आहेत का, हे बघायला गेलो नाही. मुकादमांवर ढकलून तो थांबला असता तर काय झालं असतं कोण जाणे. पण 'मी ऐकलं' म्हणाला, आणि हाचिरो खाटेच्या कडेवर बसला. दोघे एकाच सुरात खोकत बराच वेळ बसून राहिले.

मी हाचिरोला नंतर विचारलं, मग हातोडा कशाला नेला होता?

"गावात ठेवला असता तर मुकादमाने तळ्यात टाकला असता की."

मुकादमांनी पुढारीपण सोडलं. केस कापायला ते आता बोटीने पलीकडे जातात. माझ्या खुर्चीत मान टाकायचं धाडस त्यांना होत नाही. निशिवाकीची मात्र पंचाईत झाली. माणूस मेल्याची नोंद करायला एक खेप पुरते, म्हणाला, जिवंत करायला किती हेलपाटे घालायचे!

गेन्जिरोची पहिली दाढी मी केली. गाल आत गेलेले, वस्तरा फिरवायला बोटाने आतून फुगवावे लागले. तो डोळे मिटून गुणगुणत होता आणि तोयो दारात बसून ऐकत होती. तो हिवाळा त्याने काढला, संत्री झाडावरून उतरेपर्यंत.

तो गेल्यावर नावातला लाल रंग काढायला हाचिरो आला. झाडीतलं थडगं त्याने आधीच ओळीत आणून बसवलं होतं, कोणाला न विचारता. बारीक छिन्नी घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक रेघ साफ करू लागला. दगडाने रंग प्यालेला, निघता निघेना. मी म्हटलं, राहू द्या थोडा, कोणाला दिसतोय? त्याने ऐकलं नाही. शेवटची लाली निघेपर्यंत तो उठला नाही. शेजारचं तोयोचं नाव लाल होतं, त्यावर धूळ बसली होती, ती त्याने फुंकून काढली.

हत्यारं गोळा करताना त्याने खालच्या मानेने तिला विचारलं, "पुढच्या ओबोनला तुमचं नाव मी उजळून देऊ? तुम्हाला नीट दिसत नसेल."

"मला चांगलं दिसतं," तोयो म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण या."